बाहेरून कुलूप

शुक्रवारी घरात पाऊल टाकताच संचिताने नवऱ्याला सांगून टाकलं, की सान्वीला घेऊन कल्याणला ताईंकडे जा, रविवार संध्याकाळपर्यंत परत येऊ नका आणि जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घाला. सिद्धेश शहाणा माणूस. बायकोचा चेहरा बघून त्याने कारण विचारलं नाही. शनिवारी सकाळी कुलूप घातलं, सवयीने किल्ली खिशात टाकली आणि लेकीला घेऊन तो निघाला.

वर्तकनगरच्या त्या बिल्डिंगमध्ये घरात माणूस आहे असं कळलं, की त्याची सुटका नाही. कुणाला विरजण हवं असतं, कुणाला मोबाइलमधलं काहीतरी बघून हवं असतं. समोरच्या कमळाबाईंना तर काहीच नको असतं, म्हणून त्या सगळ्यात जास्त वेळ बसतात. कुलपापुढे मात्र त्यांचंही काही चालत नाही.

आठवडाच तसा गेला होता. संचिताच्या ऑफिसातून एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माल उशिरा गेला. तारीख साहेबांनीच बदलली होती, तीही तोंडी. खापर फुटलं संचिताच्या डोक्यावर, भर मीटिंगमध्ये. "साहेब, तुम्हीच सांगितलेलंत, मेघना होती तिथे," असं ती म्हणालीसुद्धा. शेजारच्या टेबलावरची मेघना, तिची इतक्या वर्षांची मैत्रीण, मान खाली घालून बसून राहिली. साहेब काय, ते बोलायचेच. मेघनाचं गप्प बसणं मात्र संचिताच्या जिव्हारी लागलं. सोमवारपासून त्या ऑफिसचं तोंड बघायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

फोन बंद करून तिने केसांना तेल चोपडलं, जुना गाऊन चढवला आणि मऊ भातावर मेतकूट-तूप घालून जेवली. मग पंख्याखाली लादीवरच आडवी झाली. पाठीला बरं वाटत होतं. डोकं काही ऐकत नव्हतं.

दुपार कलली आणि बेल वाजली. संचिता श्वास रोखून पडून राहिली. समोरचं दार उघडलं आणि कमळाबाईंनी छातीठोकपणे सांगितलं, की सगळे कल्याणला गेलेत, कुलूप दिसतंय की. त्यावर जो आवाज आला तो मेघनाचा होता. दोन बस बदलून ती डोंबिवलीच्या मानपाड्याहून आली होती. बरं झालं, पडू दे हेलपाटा, असं संचिताला वाटलं, आणि वाटून छानही वाटलं.

पण मेघनाने प्यायला पाणी मागितलं आणि ती जिन्यातच बसली. पाण्याचा तांब्या देता देता समोरच्याच्या पोटातलं काढून घेण्यात कमळाबाईंचा हात धरणारं कुणी नाही.

"मावशी, मी तिला तोंडघशी पाडलं," मेघना म्हणाली. "मला सगळं माहीत होतं. नोकरीच्या भीतीने गप्प बसले. काल ती निघून गेली आणि मला राहवेना. सगळ्यांसमोर साहेबांना सांगितलं, तारीख तुम्हीच बदललेली, मी तिथेच उभी होते."

मग साहेब काय म्हणाले, कमळाबाईंनी विचारलं. साहेब काही कबूल झाले नाहीत, चष्मा पुसत बसले. पण नाही असंही म्हणाले नाहीत.

आत संचिताचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच पंचाईत झाली. बोलावं तर कुलपाचं बिंग फुटतं, संध्याकाळपर्यंत पार तळमजल्यापर्यंत बातमी जाते. तेवढ्यात मेघनाच्या चपला जिना उतरू लागल्या.

संचिताने आतलं दार उघडलं. "मेघना, थांब गं. मी घरातच आहे."

कमळाबाईंनी आधी कुलपाकडे पाहिलं, मग जाळीमागच्या तेलकट संचिताकडे. आग लागली असती तर काय केलं असतंस, यावरून त्यांनी तिला यथेच्छ झापलं. किल्ली कल्याणला आहे हे कळल्यावर पुन्हा झापलं. मग चहा केला. कप काही जाळीतून आत जाईना, तेव्हा संचिताने आपला आपण करून घेतला, आणि दोघी मैत्रिणी कुलपाच्या अलीकडे-पलीकडे उंबऱ्याला टेकून बसल्या. मेघना थोडी रडली. संचिताने जाळीतून बोटं घालून तिचा हात धरला. तिचा राग कुठे गेला, तो तिलाही सापडेना.

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंगची आठवण करून द्यायला खालून येताना ऐकू आले. कमळाबाई लगबगीने जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, की वर येऊ नका, सगळे कल्याणला गेलेत. ते परत फिरले.

निघताना मेघनाने भीतभीत विचारलं, "सोमवारी येशील ना?"

"येते," संचिता म्हणाली. "पण उद्या मला झोपू दे."