फोन खुराड्यात धर

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई धोंडाबाईंनी, खुराड्याची कडी मला कधी लावू दिली नाही. पहिल्याच वर्षी मी ती लावायला विसरले आणि मुंगसाने दोन तलंगा, तरण्या कोंबड्या, नेल्या. झाली चूक. पण धोंडाबाई काही विसरायच्या नाहीत, आणि मलाही विसरू द्यायच्या नाहीत.

यंदा डिसेंबरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवसांसाठी त्या लातूरला, माझ्या नणंदेकडे निघाल्या. मुखेडच्या स्टँडवर एसटीत चढताना म्हणाल्या, "थंडी लई हाय, सिंधे. कोंबड्यायला जप. कबरीला जास्त." लाडक्या कोंबडीचं नाव घेतलं, नातवंडांचं नावसुद्धा नाही! मला असा राग आला, की त्याच रागात ठरवलं, एकही कोंबडी दगावू द्यायची नाही. परत आल्यावर त्यांना बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही.

त्याच दिवशी खुराड्याला चारी बाजूंनी मेनकापड ठोकलं. फटींत खताची रिकामी पोती कोंबली, वरची जाळीही बुजवली. आत शिरायची वाऱ्याची टाप नव्हती. मी स्वतःवर भलतीच खूष झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर उग्र वासाने डोळे चुरचुरले. खालचा सोयाबीनचा भुसा ओलसर, मेनकापडाला आतून थेंब. कबरी पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेली, दाण्याकडे बघेना. थंडीच जास्त झाली असं समजून मी गोधडी आणायला वळले, तेवढ्यात आत्याबाईंचा फोन.

"कशा हाईत?"

खोटं बोलायचं मनात होतं, जमलं नाही. "कबरी खाईना, आत्याबाई. म्या तर सगळं गच्च बंद केलंय. वारा बी लागत न्हाई."

मी बोलणी खायची तयारी केली.

"फोन खुराड्यात धर," त्या म्हणाल्या. "अन् तू गप ऱ्हा."

डोळ्याला पट्टी बांधलेली बाई लातुरातून कोंबड्या तपासणार! पण मी मुकाट्याने वाकून हात आत घातला. जरा वेळाने फोन कानाला लावला.

"छाती घरघरून राहिली तिची, ऐकू येईना का तुला? थंडीनं न्हाई गं, कोंडल्यानं. वरली जाळी मोकळी कर. खालून वारा नको, वरून हवा पाहिजे. भुसा बदल. कबरीला येगळी काढ, उन्हात ठेव."

मी वरचं मेनकापड टराटरा काढलं, कोरडा भुसा पसरला. कबरीला टोपलीत घालून उन्हात ठेवलं, कोमट पाणी पाजलं. मग सकाळ-संध्याकाळ तिच्या पाठीला कान लावून बसायचे. "डाक्टरीण झालीस की," नवरा हसायचा. हसू दे. घरघर रोज थोडी कमी ऐकू येत होती, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

सातव्या दिवशी कबरी आपल्या पायांनी खुराड्यात गेली आणि दाण्यावरून बाकीच्यांशी भांडायला लागली. मी स्वतःहून फोन लावला. "आत्याबाई, ऐका," म्हटलं आणि हात आत धरला.

फोन परत कानाशी आणला तर पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"आत्याबाई?"

"तिचाच आवाज हाय," त्या हळूच म्हणाल्या. "आजपून कडी तूच लावत जा."

माझा हात आपसूक खुराड्याच्या कडीवर गेला.

"ठेव आता फोन," त्या खेकसल्या. "डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून डाक्टरनं सांगितलंय, अन् तू रडवून राहिलीस."