वहिनीच्या नावाने त्रागा

आईने आपली कात्री वहिनीला दिली आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. आमच्या शिवणाच्या दुकानात ती कात्री जिच्या हातात, तिने कापड बेतायचं. बाकीच्यांनी नुसतं शिवायचं. मी शाळा सुटल्यापासून आईच्या हाताखाली काजं करतेय. ही बया काल-परवा भावाशी लग्न करून आली.

"तिचा हात सरळ चालतो," आई म्हणाली.

माझा काय वाकडा चालतो?

मी खुंटीवरचा माझाच कोट काढला. निळ्या लोकरीचा, सुट्टीच्या दिवशी बसून हौसेने शिवलेला. वहिनीच्या टेबलासमोर उभी राहिले आणि पाठीतून उभा कापला. "घे! झालं ना तुझ्या मनासारखं?"

वहिनी पांढरीफटक पडली.

"पुरे तुझा त्रागा," आई म्हणाली.

आरशासमोर आमचं जुनं गिऱ्हाईक उभं होतं, एकच बाही घालून. शब्द कानावर पडला की त्याचं मूळ-कूळ काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून आम्ही त्यांना पंडित म्हणतो.

"त्रागा म्हणजे नुसती आदळआपट नव्हे बरं का," ते म्हणाले. "पूर्वी अन्याय झालेला माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन स्वतःलाच जखम करून घ्यायचा. कधी जीवसुद्धा द्यायचा. त्याचं पाप त्या दुसऱ्याच्या माथी."

"मग बरोबरच केलं मी!"

"पण दार पारखून घ्यावं लागे. निगरगट्टाला कसलं आलंय पाप? ज्याचं मन खाईल, त्याच्याच दारात जायचं." त्यांनी दुसरी बाही चढवली. "ही बगलेत जरा काचतेय हो."

कात्री दिली होती आईने. उभी राहिले मी वहिनीसमोर.

वहिनीने कात्री माझ्यापुढे ठेवली. "ताई, घ्या तुम्ही. मला नको." तिचे डोळे भरले होते. आई पंडितांच्या बगलेतली शिवण उसवायला लागली.

मी घेतली. का नाही घेणार?

आता कापड मी बेतते. येणारं-जाणारं गिऱ्हाईक म्हणतं, तुमची वहिनी किती गुणाची. ऐकलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. पण बोलू कुणाला? तिच्या चांगुलपणाचा पहिला दाखला मीच दिला, तोही माझा नवाकोरा कोट कापून.