एका गळ्यात दोन शिवदारे

“गळ्यातलं काढावं लागेल, बाई. दोरासुद्धा अंगावर चालणार नाही,” सिस्टर म्हणाली, आणि मी चांदीच्या डबीवर दोन्ही हात घट्ट दाबून धरले.

त्या डबीत माझे इष्टलिंग होते. शिवदाऱ्यात ओवून स्वामींनी एकदा गळ्यात बांधले, की ते मरेपर्यंत उतरत नाही, आणि उतरले तर जगण्यात अर्थ उरत नाही, हे आम्हा लिंगायतांच्या घरी मुलींना बोलता येण्याआधी कळते.

आमचे जळकोट तेव्हा मोगलाईत होते आणि सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. हद्द ओलांडून, बैलगाडीत फळीवर बांधून मला आणले होते. क्षयाने पाठीचा कणा पोखरला होता. दोन मणके खचले होते आणि पाय सुन्न होत चालले होते. मोठ्या डॉक्टरांनी माझे यजमान महांतप्पा यांना समजावले, की नडगीच्या हाडाची पट्टी कापून खचलेल्या मणक्यांना जोडायची. हाड धरले तर बाई चालेल. नाही तर पाय कायमचे जातील. क्लोरोफॉर्ममधून जाग येईलच, याची हमी त्यांनी दिली नाही.

हे ऐकून माझ्या सासूबाई इरम्मा म्हणाल्या होत्या, “नडगीचं हाड पाठीत? मग काय पाठीनं चालायची व्हय ही?” वॉर्डातल्या बायका हसल्या. मीही हसले.

आता कोणी हसत नव्हते. मनगटाला बांधू का, असे महांतप्पांनी विचारून पाहिले. सिस्टरने नकारार्थी मान हलवली. मी त्यांना गाडी जुंपायला सांगितले. लुळी जगेन, पण लिंगासह जगेन, म्हणाले. ते धैर्य नव्हते. दोन भयांपैकी ओळखीचे भय मी निवडत होते.

इरम्मा पुढे आल्या. हात धुतले, माझ्या मानेमागची गाठ सोडली आणि माझा शिवदारा स्वतःच्या गळ्यात, आपल्या शिवदाऱ्याशेजारी घातला. एका देहावर एकच लिंग, हा नेम. महांतप्पांनी तोंड फिरवले.

“तुझा जीव आता माझ्या गळ्यात हाय,” त्या म्हणाल्या. “परत आलीस की बांधते. तवर म्या पाणी पिणार न्हाय.”

“आन् न्हाई आले तर, आत्याबाई?”

“तर दोन्ही संगंच जातील. जा आता.”

आत मला पालथे घातले. तोंडावर जाळी आली, गोडसर उग्र वास आला. हात छातीकडे गेला. तिथे काहीच नव्हते.

जाग आली तेव्हा डॉक्टर पायाशी उभे होते. अंगठा हलवा, म्हणाले. मी हलवला, असे मला वाटले. त्यांचा चेहरा मात्र तसाच राहिला. पलीकडे इरम्मांचे ओठ कोरडे पडून फुटले होते.

“हलीव,” त्या म्हणाल्या.

डावा अंगठा हलला. आधी त्यांनी माझ्या गळ्यात गाठ मारली, मग पाणी मागितले.

पुढचे कित्येक महिने मी प्लास्टरमध्ये उताणी होते. पूजेला लिंग डाव्या तळहातावर घेऊन हात चेहऱ्यावर उचलून धरी. इरम्मा पाणी घालत आणि ते माझ्या डोळ्यांत गळे. मग उभी राहिले, चालले. जोडलेली पाठ मात्र पुन्हा वाकली नाही. जमिनीवर बसता येई, पण उठता येत नसे. मी दोन्ही हात पुढे करी आणि इरम्मा मला ओढून उभी करीत. वाकून कोणाच्या पाया पडणेही संपले. भावकीतल्या बायका ताठा म्हणत. इरम्मा त्यांना सांगत, “तिची पाठ म्या राखलीया. ती वाकायची न्हाय.”

निजामाचे राज्य गेले, त्याच साली इरम्मा गेल्या. आमच्यात मृताला बसते करतात. भिंतीशी बसवलेल्या, कपाळभर विभूती लावलेल्या इरम्मांच्या पायांवर सारे घर वाकले. मी गुडघे मोडून त्यांच्या समोर बसले, तोंडासमोर तोंड. त्यांच्या गळ्यातली गाठ सोडली. शिवदारा एकच होता. लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवले. बोटे मिटेनात, म्हणून मी माझ्या हाताने मिटून धरली.

“उठा आता,” स्वामी म्हणाले.

सवयीने मी दोन्ही हात इरम्मांपुढे केले.