गाडीची धर्माची आई

हप्त्यावर गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला मध्येच टोकू नये, शुभकामात मोडता घालू नये, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. असुंता काल्लेनं तो घातला. भर दुकानात, विक्रेत्याच्या तोंडावर घातला. बायांनो, बाबांनो, बरं झालं घातला! कसं, ते ऐका.

आमच्या बोलिव्हियात, एल आल्तो शहराच्या वरच्या अंगाला सेव्हेरो लिमाची नाचाचे पोशाख शिवतो. मोरेनादाच्या नाचाचा झगा म्हणजे शर्ट नव्हे, की केली घडी आणि कोंबला पिशवीत. पिंपासारखा गोल असतो, जरीनं आणि मण्यांनी जड. घडी घातली की कामातून गेला. असे झगे घेऊन सेव्हेरो मिनीबसच्या दारात उभा राहिला की आतून हाक यायची, "उस्ताद, ह्या जाड्या बाईचं तिकीट वेगळं काढा!" सगळी बस हसायची. सेव्हेरोही हसायचा. काय करणार?

एकदा दारात अडकून एका झग्याचा सबंध काठ उसवला. नाचमंडळाच्या प्रमुखानं पैसे कापून घेतले आणि वर चार शब्द ऐकवले. सेव्हेरो घरी आला, टोपी खाटेवर फेकली आणि बायकोला म्हणाला, "बेनिता, बास झालं. गाडी घ्यायची."

"कधी?"

"कोपाकबानाच्या जत्रेआधी."

ह्यात गाडी घ्यायची म्हणाला ते चूक नव्हतं. त्याला गाडी हवीच होती. चुकलं ते पुढचं. ऑगस्टच्या जत्रेला आमच्याकडे गाड्यांची बारशी होतात. कोपाकबानात तळ्याकाठी देवळापुढे रांग लागते, फुलांचे हार, फटाके, चाकांवर बियर. जानेवारीत आलासितासच्या बाजारातून बेनितानं खेळण्यातली गाडी आणून एकेको देवापुढे ठेवली होती, आणि ती अख्ख्या गल्लीनं पाहिली होती. त्याच्यापुढे जे खेळणं ठेवावं, ते वर्षाच्या आत खरं होऊन घरी येतं म्हणतात. आता जत्रेत खरी गाडी दिसली नाही तर तोंड कुठं दाखवायचं? बँकेत विचारावं, चार ठिकाणी हिंडावं, एवढा धीर कुणाला! मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात पाटी होती: आज चावी घ्या, आधी एक पैसा भरू नका. नवरा-बायको तिथं गेले आणि एक पांढरी गाडी पक्की करून आले. पाठीमागं एवढी जागा, की चार झगे उभेच्या उभे मावतील.

मग दोघं असुंताकडे गेले. असुंता पोलेराच्या घागऱ्यांचं कापड विकते, बाजारात तिची जागा कोपऱ्यावरची आहे आणि आवाज त्या कोपऱ्यापासून ह्या कोपऱ्यापर्यंत जातो. ह्या दोघांच्या लग्नात तीच धर्माची आई होती.

"आई," बेनिता म्हणाली, "गाडीची धर्माची आई पण तुम्हीच व्हायचं."

"होते की! हार आणते, बियर आणते, फटाके आणते. कुठाय लेकरू?"

"दुकानात आहे अजून. शुक्रवारी सह्या."

"मग शुक्रवारी मी येते."

सेव्हेरो चुळबुळला. "सह्यांना तुम्ही कशाला, आई? उगाच पायपीट. थेट जत्रेलाच या."

"का रे? पोराच्या बारशाला मी आधी विचारते, बाप कोण. गाडीच्या बारशाला विचारू नको?"

शुक्रवारी असुंता टोपी घालून, चांगली शाल पांघरून आली. विक्रेता फाब्रिसिओ, केस चापून बसवलेला, टाय लावलेला पोरगा. त्यानं खुर्ची दिली, कॉफी दिली. असुंतानं कॉफी बाजूला सरकवली.

"गाडी केवढ्याला?"

"महिन्याला फक्त दोनशे दहा, सेन्योरा."

"मी महिन्याचं नाही विचारलं. खोली भाड्यानं नाही घ्यायची आम्हाला. गाडी केवढ्याला?"

"तसं बघाल तर रोजचे जेमतेम सात पडतात..."

"तासाचं पण सांग. म्हणजे आणखी स्वस्त वाटेल."

बेनिताला हसू आलं, तिनं शालीचं टोक तोंडाला लावलं. फाब्रिसिओही हसला, पण जरा ओढून.

"आणि दोनशे दहा काय? बटाटे?"

"डॉलर, सेन्योरा."

असुंता सेव्हेरोकडे वळली. "नाचणारी मंडळी तुला काय देतात रे?"

"आपले बोलिव्हियानो."

"मग डॉलर कुठून आणशील? जरीतून विणशील?"

"रस्त्यावर मिळतात की, आई. सगळे घेतात."

"आजच्या भावानं घेशील. पुढच्या वर्षी?" ती परत पोराकडे वळली. "तू सांग. भाव चढला तर तो वरचा भार कुणी उचलायचा?"

"भाव काय आमच्या हातात नसतो, सेन्योरा."

"तुमच्या हातात नसतो, म्हणजे ह्यांच्या गळ्यात असतो. बरं. आता सगळे हप्ते मिळून किती होतात, ते बोल."

पोरानं हिशेबाच्या यंत्रावर बोटं चालवली. आकडा हळूच सांगितला. बेनिताचं हसू गेलं. एका गाडीला जवळजवळ दोन गाड्यांचे पैसे!

"दुसरी गाडी कधी देतोस?" असुंता म्हणाली.

ह्या फाब्रिसिओला लबाड म्हणू नका. तो एक शब्दही खोटं बोलला नव्हता. विचारलं तेवढं सांगत होता, आणि आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"शेवटचं. हप्ता चुकला तर काय? गाडी नेणार?"

"गाडी... आणि आधी पैसे भरलेले नाहीत ना, म्हणून तारणाला घराचा कागद."

बेनितानं मान खाली घातली. घर तिचं होतं. तिच्या बापानं विटा रचून बांधलेलं. खाली दोन खोल्या, वर सेव्हेरोचं शिवणकाम. सही तिचीच लागणार होती, आणि हे ती असुंतापाशी बोललीच नव्हती.

असुंता उठून उभी राहिली. "हे लेकरू तुमचं नाही! ह्याचा बाप हा टायवाला आहे. तुम्ही फक्त ह्याला न्हाऊ-माखू घालणार, पेट्रोल पाजणार, आणि एक दिवस बाप येऊन लेकरू घेऊन जाईल, वर घरही नेईल. मी दुसऱ्याच्या पोराला हार घालत नाही!"

"आई!" सेव्हेरोचा चेहरा लाल झाला. "गल्लीत सांगून झालंय! बियरची खोकी सांगितलीत! लोक काय म्हणतील? तुम्हाला नसेल घालायचा हार, तर दुसरी धर्माची आई बघतो!"

"बघ. एल आल्तोत बायकांचा दुष्काळ नाही पडला. पण बेनिता, घर तुझं, सही तुझी. हात कुणाचा आहे ग?"

बेनितानं लेखणी घेतली होती. ती तिनं टेबलावर ठेवली. "मी आज सही करत नाही," ती म्हणाली.

"सवलत आजच संपतेय," फाब्रिसिओ घाईनं म्हणाला.

"संपू दे," असुंता म्हणाली. "घाईत विकतात ते मासे. गाडी नासत नाही."

त्या वर्षीची जत्रा ह्या घराला फार कडू गेली. शेजारणी दारावरून जाताना मुद्दाम विचारायच्या, "काय हो, गाडी कुठल्या बाजूला उभी केलीत?" सेव्हेरो असुंताचं नाव काढू देईना. शेवटी असुंताच आली, मक्याच्या गरम आपीचा, म्हणजे गोड पेयाचा, डबा घेऊन, आणि न बोलावता शिवणाच्या खोलीत मण्यांच्या ढिगाशेजारी बसली.

"गाडी घेऊ नको, असं मी म्हटलं का रे?"

सेव्हेरो सुई ओढत राहिला.

"तुला गाडी हवी, हे मला दिसतं. तुला जमेल की नाही, हे मला नाही दिसत आणि तुलाही नाही. मग बघू या की! गाडी दारात उभी आहे असं समज. दर महिन्याला तिचा हप्ता पतसंस्थेत भर, स्वतःच्याच नावावर. मला दाखवू नको, बायकोला दाखव. वर पेट्रोलचे, विम्याचे, चाकांचेही थोडे टाक. पुढच्या जत्रेपर्यंत जमलं, तर तुझ्यापाशी आधी भरायचे पैसे तयार असतील. नाही जमलं तर घर तरी जागेवर असेल."

"खोट्या गाडीला खरे पैसे?"

"खऱ्या गाडीला खोटी हिंमत दाखवत होतास, त्यापेक्षा बरं."

सेव्हेरो हट्टी. असुंताला चूक ठरवायचीच, म्हणून त्यानं भरायला सुरुवात केली. पहिला हप्ता ऐटीत गेला. दुसऱ्याला उधारी वसूल करावी लागली. मग ऑक्टोबर आला. आमच्याकडे पोशाखाचं काम येतं ते फेब्रुवारीतल्या कार्निवलच्या आधी आणि जूनच्या मोठ्या मिरवणुकीच्या आधी. मधले महिने कोरडे. हे सेव्हेरोला ठाऊक नव्हतं का? लहानपणापासून ठाऊक होतं! पण दुकानात बसला तेव्हा त्याच्या डोक्यात जूनची कमाई होती, ऑक्टोबर कुणी आठवला नाही. त्या महिन्यात एकही झगा गेला नाही, वर जरीवाल्याचे पैसे द्यायचे होते. पतसंस्थेत काहीच भरता आलं नाही. आणि रस्त्यावर डॉलरचा भाव तर असा चढला होता, की दोनशे दहा डॉलर आणायला आता दीडपट बोलिव्हियानो लागले असते.

सेव्हेरो जिन्याच्या पायरीवर बसला. बेनिता सुकवलेले बटाटे भिजत घालत होती.

"बेनिता," तो म्हणाला, "गाडी दारात असती, तर ह्या महिन्यात..."

"घर गेलं असतं!" बेनिता म्हणाली. तिचे हात पाण्यातच थांबले. "सेव्हेरो, माझ्या बापाचं घर गेलं असतं!"

दोघं तशीच असुंताच्या कोपऱ्यावर गेली. सेव्हेरो कापडाच्या ठाणांपुढे टोपी काढून उभा. "आई, तुम्ही बरोबर होतात. मी बैल."

"बैलाला मध्ये नको आणू, तो कष्ट करतो," असुंता म्हणाली. "बस. आता कसं घ्यायचं ते ठरवू."

आता घाई नव्हती. कार्निवलच्या कामाचे पैसे आले, ते पतसंस्थेत गेले. जूनचे आले, तेही गेले. गाठीशी गाडीच्या किमतीचा चांगला तिसरा हिस्सा जमला. मग सेव्हेरो आणि बेनिता गाडीच्या दुकानात नाही, आधी कर्ज देणाऱ्यांच्या दारात गेले. जिथं जातील तिथं असुंताचाच प्रश्न विचारायचे. एका बँकेतल्या साहेबानं म्हटलं, "महिन्याला तुम्हाला..."

"महिन्याचं नंतर," बेनिता म्हणाली. "सगळे मिळून किती, ते आधी. व्याज मध्येच वाढणार का, ते सांगा. विमा ह्यात आहे की वेगळा? लवकर फेडलं तर दंड लावता का?"

साहेबानं चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. मग तोही नीट बोलायला लागला.

शेवटी जमलं ते पतसंस्थेतच. कर्ज बोलिव्हियानोंत. तारणाला गाडीच, घराचा कागद घरातच. आणि सेव्हेरोनं आपलं वर्ष कसं चालतं ते समजावून सांगितल्यावर तिथल्या बाईंनी हप्तेही तसेच बांधून दिले, कमाईच्या महिन्यांत जड, कोरड्या महिन्यांत हलके. मागितलं म्हणून मिळालं! गाडी नवी घेतली नाही, कोरी पांढरीही नाही. चार वर्षं वापरलेली, निळी, ओळखीच्या कारागिरानं खालून-वरून तपासलेली. कुणी अर्ध्या पैशात चोरवाटेनं आलेली बिनकागदाची गाडीही देऊ केली होती. बेनितानं त्याला दारातूनच परत पाठवलं.

आणि मग ऑगस्ट आला! तळ्यावर ऊन असं पडलं होतं की डोळे मिटावे लागत होते. देवळापुढे गाड्यांची रांग, निळी गाडी मधोमध. पाद्रीबाबांनी टपावर, इंजिनावर आणि सेव्हेरोच्या टकलावरही पवित्र पाणी शिंपडलं. फटाक्यांनी कान बसले. शेजारची ग्रेगोरिया, वर्षभर टोमणे मारणारी, पुढे येऊन म्हणाली, "हप्ता किती ग, बेनिता?"

"हप्ता हलका आहे, ग्रेगोरिया," बेनिता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पण किंमत विचार ना! सांगते. व्याजासकट, विम्यासकट, शेवटच्या पैशापर्यंत पाठ आहे मला!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एका तरुण जोडप्यानं आपल्या चकचकीत गाडीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. त्यातली पोरगी हळूच म्हणाली, "आपली किती रे सगळी मिळून?" नवऱ्याला सांगता येईना.

असुंतानं शाल सावरली, दोन्ही हातांनी पिवळ्या-लाल फुलांचा जाड हार उचलला आणि निळ्या गाडीच्या तोंडावर चढवला.

"आता विचारा मला, ह्या लेकराचे आई-बाप कोण!" ती ओरडली. "हे बघा, हे उभे आहेत!"

सेव्हेरोनं बियरची बाटली हलवून चाकावर फेस उडवला. त्यातला निम्मा असुंताच्या टोपीवर पडला आणि ती त्याला वाटेल ते बोलली. लोक टाळ्या वाजवत होते.

तर मंडळी, पहिली गाडी घ्यायला निघालात तर हौसेनं निघा, हौस वाईट नाही. पण महिन्याचा आकडा ऐकून भुलू नका, पूर्ण किंमत वदवून घ्या. ज्या पैशात कमावता त्याच पैशात कर्ज घ्या. आपला सगळ्यात कोरडा महिना आठवा आणि हप्ता त्याच्या अंगाला मापून बेता. डोक्यावरचं छप्पर चाकांखाली कधी घालू नका. आणि गल्ली काय म्हणेल ह्या भीतीनं तर सहीच करू नका! गल्ली दोन दिवस बोलते, मग तिला दुसरं कुणी सापडतं. हप्ता मात्र तुम्हालाच भरायचा असतो. दुकानात जाताना निर्भयपणे विचारणारं एखादं माणूस बरोबर न्या, आणि तसं कुणी मिळालं नाही, तर ते माणूस तुम्हीच व्हा.