टॉवेलची नाडी

मित्रांनो, मनगटावर बांधायचा मी एक जुना पट्टा आहे. माझ्या काचेवरचे ओरखडे आता अंगवळणी पडले आहेत. परंतु एका दुपारी मला बसलेला धक्का अद्याप ओसरलेला नाही.

एका शुभ्र, निर्मळ दालनात माझी घडण झाली. हातमोजे घातलेल्या कुशल हातांनी माझ्या उदरात दोन इंद्रिये बसवली. एक हालचाल ओळखते; दुसरे त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून, रक्ताच्या लहरींवरून हृदयाचे स्पंदन मोजते. प्रत्यक्ष हृदयाची सेवा आपल्या वाट्याला आली, या जाणिवेने मी कृतार्थ झालो होतो.

एका लेकीने मला आपल्या आईसाठी आणले. आई लाँड्रीत इस्त्री करी आणि लेक तिथेच गिऱ्हाइकांचे कपडे घेण्यादेण्याचे काम पाही. वाफेने मनगट पोळू नये म्हणून आई त्यावर सुती कापडाची जाड पट्टी गुंडाळत असे. मलाही तिने त्या पट्टीवरूनच बांधले. माझा प्रकाश तिच्या त्वचेपर्यंत कधी पोहोचलाच नाही. पुढेमागे सरकणाऱ्या इस्त्रीच्या लयीलाच मी तिची पावले समजलो, आणि तिची नाडीसुद्धा!

आई दिवसभर एका जागी उभी, आणि माझ्या पडद्यावर मात्र कोसचे कोस चालणे.

"काकू, उभ्या उभ्या अख्खं गाव पालथं घातलंत की!" घड्या घालणारा कामगार म्हणे.

"मग! तू बस घड्या घालत," आई हसे. माझे कौतुक होई.

त्या दुपारी आईने इस्त्री बाजूला उभी केली. "अगं, छातीत कसंतरी फडफडतंय."

लेकीने माझ्याकडे पाहिले. "पट्ट्यावर सगळं ठीक आहे, आई. उगाच काहीतरी मनात घेतेस."

"छाती माझी आहे ना? मग मला कळत नाही होय?" एवढे बोलून आई चादरींच्या ढिगावर कोसळली.

दवाखान्यात लेक रडकुंडीला आली होती. "डॉक्टर, पट्टा तर ठीक सांगतोय हो!"

डॉक्टरबाईंनी आईच्या नाडीवर बोटे टेकवली आणि त्यांची मुद्रा पालटली. हृदयाचा आलेख काढण्याची तयारी सुरू झाली. मग आईच्या मनगटावरची कापडी पट्टी पाहून त्यांनी मला सोडले आणि टेबलावरच्या गुंडाळलेल्या टॉवेलला बांधले. माझा हिरवा दिवा लागला. पाहता पाहता पडद्यावर आकडा उमटला. शांत, निरोगी आकडा!

"बघ," त्या लेकीला म्हणाल्या, "या टॉवेलचीही नाडी ठीक आहे."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. माझी तर मतीच गुंग झाली. येथे हृदय नाही, रक्ताचा थेंब नाही. मग आजवर मी कोणाचे स्पंदन सांगत होतो?

आलेखात आईचे हृदय बेताल धावत होते. तत्काळ उपचार झाले आणि ती वाचली.

"पट्टा फेकू नका," आम्ही घरी निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या. "उघड्या त्वचेवर नीट बांधून शांत बसलं, तर तो बऱ्यापैकी बरोबर सांगतो. कापडावर बांधला की परतलेल्या उजेडालाच नाडी समजतो, आणि हात राबत असला की गडबडतो. पण त्रास होतोय असं माणूस म्हणालं, तर आधी माणसाचं ऐकायचं."

काल आई सहज म्हणाली, "आज जरा दम लागतोय." लेकीने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिने इस्त्री बंद केली, स्टूल पुढे ओढले. "बस आधी. काय होतंय, नीट सांग."

मित्रांनो, माझी काच पुसा, मला जपा. परंतु घरातले कोणी 'कसंतरी होतंय' म्हणाले, तर माझ्यावर नजर टाकण्याआधी त्यांचा हात हाती घ्या.