पन्नासच्या वर मी गप्प

मी उतारावरचा वेग दाखवणारा फलक बोलतोय. तुमची गाडी समोरून आली की तुमचा वेग तुमच्याच तोंडावर सांगणारा. तिसाच्या आत असाल तर हिरवा आकडा आणि हसरा चेहरा, वर गेलात की लाल आकडा. दंड करणं माझ्या हातात नाही. मुळात मला हातच नाहीत.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथल्या ताईंनी माझे बारीक दिवे एकेक करून जोडले आणि चाचणीसाठी स्वतःच माझ्यासमोर पळत आल्या. मी नऊ दाखवला.

"खोटारडा! बारा तरी असतील," त्या धापा टाकत म्हणाल्या.

पण खोटं मला येतच नाही.

पुढे त्यांनीच मला इथे, दवाखान्याच्या वळणाआधी खांबावर चढवलं. सुरुवातीला काय माझा रुबाब! मला बघितलं की लोक दचकून ब्रेक दाबायचे. एखादा नवरा "बघ, एकोणतीस!" म्हणून बायकोकडे शाबासकी मागायचा.

मग आला तुफान. बेकरीच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याचं खरं नाव कुणालाच आठवत नाही. एका सकाळी त्याने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडला, "आज अठ्ठावन्न! उद्या साठ!" झालं. टॅक्सीवाले, मोटारसायकलवाले, सगळ्यांच्या पैजा लागल्या. मी उभा कशासाठी होतो आणि घडत काय होतं! खरं बोललो की त्यांना चेव यायचा. लाजेने लाल व्हावं म्हटलं, तर मी आधीच लाल.

एका सकाळी रिटायर्ड पोस्टमन काका चाकांच्या खुर्चीत बसवून काकूंना दवाखान्यात नेत होते. दोघं रस्त्याच्या मधोमध आणि वरून तुफान. सदुसष्ट! माझा आकडा चुकीचा निघावा असं मला पहिल्यांदाच वाटलं. ब्रेक किंचाळले, गाडी आडवी झाली, मागचं दार उघडून पाव रस्ताभर उधळले. गाडी थांबली ती खुर्चीपासून हातभर अंतरावर. एक पाव थेट काकूंच्या मांडीवर.

तुफान खाली उतरून खुर्चीकडे धावला. "काकू, लागलं का हो?"

काकूंनी पाव उचलून उलटसुलट पाहिला. "घरपोच पाव देतोस असं ऐकलं होतं रे. पण असा अंगावर?"

खुर्चीची मूठ मात्र काकांच्या हातातून सुटता सुटेना. ते बघून तुफान रस्त्याच्या कडेला मटकन बसला आणि ढसाढसा रडला.

दुपारी तो ताईंना घेऊन आला. "ताई, हा आकडा दाखवतो म्हणून आम्ही माजलो. पन्नासच्या वर याचं तोंडच बंद करा."

"आणि ॲक्सिलरेटरवरचा तुझा पाय?" ताईंनी विचारलं.

"त्याचं मी बघतो."

रस्त्यांच्या ऑफिसची परवानगी घेऊन ताई चौथ्या दिवशी शिडीवर चढल्या. दुसऱ्या सकाळी एक मोटारसायकलवाला सुसाट आला. मी काळाकुट्ट.

"बिघडलाय वाटतं!" तो चिडून वळून आला, तर मी ठणठणीत. पस्तीस दाखवला त्याला.

आकडाच दिसेना म्हटल्यावर पैज लावणार कशावर? महिनाभरात सगळे थंडावले. तुफान आता अठ्ठावीसने येतो. मागचे हॉर्न वाजवून थकतात, हा ढिम्म.

परवा काकू बॅटरीवर चालणाऱ्या नव्या खुर्चीतून एकट्याच उतरत आल्या. मागून काका पळत होते. "अगं, हळू! अगं, थांब जरा!"

मी अकरा दाखवला, हिरवागार.

"अहो, अकरा!" काकू वर बघून म्हणाल्या, "आणि हसतोय बघा कसा मेला!"

काका गुडघ्यांवर हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले.

आता माझा एक दिवा मिणमिणतो, उन्हाने रंग उडालाय. पण अजून बरीच वर्षं उभं राहायची हौस आहे. कधी या उताराला आलात, तर पाय जरा सैल सोडा. मला हसायला फार आवडतं हो.