मोठा डाव

चित्रं थोरलीनं काढायची आणि टाळ्या धाकटीनं घ्यायच्या, ही वाटणी घरात कुणी न ठरवताच ठरली होती. दोघी एकाच कॉलेजात. विद्यार्थी संघाच्या निवडणुकीला दोघी उभ्या राहिल्या आणि निवडून आली धाकटी. आवाज असा की पोरांनी तिचं नावच तोफ ठेवलं.

निवडून आल्यावर बाकीचे पुढारी सत्कार घेत फिरतात. ही बया दर रविवारी गोदामांमागच्या वस्तीत जाऊन हात कसे धुवावेत, पाणी का उकळावं, हे शिकवायला लागली; तिथंही तिचं नाव तोफच पडलं. "परीक्षा वर्षातून दोनदा येते ताई, जुलाब रोज येतात," म्हणायची. तिला खरंच तळमळ होती आणि थोरलीला राग होता तो त्याचाच. ढोंग असतं तर हसून मोकळं होता आलं असतं. वर आईचं रोजचं पालुपद, "शीक जरा तिच्याकडून!" ते ऐकलं की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. धडे कुणी लिहिले, हे आईनं कधी विचारलंच नाही. वस्तीत तर थोरली पानं उलटायचा चित्रांचा मोठा फळा छातीशी धरून उभी असायची. लोकांना दिसायच्या तिच्या फक्त चपला.

त्या रविवारी विषय होता जुलाब झालेल्या मुलाला द्यायचं साखर-मिठाचं पाणी. मागच्या बायकांनाही दिसावं म्हणून तोफेनं काचेची भलीमोठी बरणी आणली होती आणि चमच्याऐवजी भाजी वाढायचा डाव. "सहा डाव साखर! अर्धा डाव मीठ! शिगोशीग नाही, सपाट!" बायकांनी एका सुरात घोकलं.

थोरलीच्या तेव्हाच लक्षात आलं. एवढ्या बरणीला ते माप ठीक होतं, पण घरी बरणी कुणाकडे आहे? एक लिटर पाणी आणि चहाचा छोटा चमचा, हे चित्र तिच्याच हातातल्या फळ्यावर, पुढच्या पानावर होतं. पान उलटायचं काम तिचं. तिनं ते उलटलं नाही. पुढच्या रविवारी वर्ग बघायला डॉक्टरीणबाई येणार होत्या. बायका त्यांच्यासमोर हेच घोकून दाखवतील, मग बघू तोफेचा बार कसा फुसका निघतो! थोरलीला फार बरं वाटलं.

तेवढ्यात पुढची एक बाई उठली. कडेवरच्या पोराचे डोळे खोल गेलेले. "घरात तांब्या आहे, डाव आहे. आत्ताच करून पाजते," म्हणत ती निघालीसुद्धा.

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. तांब्याभर पाण्यात अर्धा डाव मीठ, तेही एवढ्याशा जिवाला! फळा टाकून ती धावली. गल्लीत बाई दिसेना. एक दार वाजवलं.

"कोण गं तू?"

"मी... आरोग्याचं शिकवतो ना, त्यांच्यातली..."

"आम्हाला काही घ्यायचं नाही." दार बंद. पुढच्या दारीही तेच. तिसऱ्या दाराशी मात्र आतून पोराचं रडणं ऐकू आलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "उघडा! मी तोफेची बहीण!"

दार लगेच उघडलं. वाटी पोराच्या ओठांना लागलीच होती. थोरलीनं ती हिसकावून मोरीत ओतली, लिटरभर पाणी मोजून घेतलं, छोट्या चमच्यानं नवीन पाणी केलं आणि घोट घोट पाजलं. पोर ओठ चाटायला लागलं तेव्हा कुठे ती खाली बसली.

"चमचा चुकला हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं तुला पळवलं ना?" बाईचे डोळे भरून आले. "केवढी काळजी गं त्या पोरीला!"

थोरलीनं रिकामी वाटी खाली ठेवली. खरं सांगावं, तर पान का उलटलं नाही तेही सांगावं लागलं असतं.

"हो," ती म्हणाली. "तिनंच पाठवलं."

वर्ग सुटला होता, बायका घरोघर पांगल्या होत्या. छोट्या चमच्याचं माप सांगायला थोरली पुढच्या दाराशी गेली. कडी वाजवली आणि कुणी विचारायच्या आधीच मोठ्यानं म्हणाली, "मी तोफेची बहीण."